हातातल्या मुंग्या, तळपायाची आग आणि हेपॅटायटिस सी: कापूसपट्ट्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एका बाईचं नाही. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात हातात मुंग्या येणाऱ्या माणसांमध्ये जे जे एकत्र सापडू शकतं, ते अभ्यासासाठी एका व्यक्तीत बांधून इथे मांडलं आहे. आशा कार्यकर्त्या, समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि घरात हेपॅटायटिस सी असलेली कुटुंबं, अशा सगळ्यांनी ते वाचावं. रोगाची वागणूक, औषधांची मात्रा आणि तपासण्यांचे निकष खरे आहेत, तिचे वैयक्तिक आकडे मात्र त्यांना जुळतील असे घेतलेले आहेत.

वय ४८. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूचं गाव. तीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. घर माळकरी, त्यामुळे मांस-अंडी नाही आणि दूध चहापुरतं. दसऱ्यापासून संक्रांतीनंतरपर्यंत वेचणी: आधी स्वतःचं शेत, मग किलोच्या भावानं दुसऱ्याचं. तिसऱ्या बाळंतपणात, १९९८ साली, फार रक्त गेलं म्हणून दोन पिशव्या रक्त चढवलं होतं. हेपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणू, आणि आपल्याकडे रक्तपेढ्यांना त्याची चाचणी सक्तीची झाली २००१ साली. त्याआधी रक्त मिळालेल्या प्रत्येकाला हा एक प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो फार क्वचित विचारला जातो.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी ऑगस्टमध्ये रॅपिड टेस्ट झाली, तीत हेपॅटायटिस सी पॉझिटिव्ह आलं. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. ‘लिव्हरचं आहे, मोठ्या दवाखान्यात दाखवा’ एवढंच सांगितलं गेलं आणि चिठ्ठी ट्रंकेत गेली. हाताच्या मुंग्या त्याआधीपासूनच होत्या, वर्ष होऊन गेलं होतं. डिसेंबरात भाकरी करताना तर्जनीला तव्याचा चटका बसला, फोड आला, आणि ते तिला कळलं संध्याकाळी भांडी घासताना. तेव्हा घरचे घाबरले.

कोणत्या बोटांत?

गावातल्या आशाताईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच.

“काकू, मुंग्या कोणत्या बोटाइत येतात?”

“साऱ्या हातातच येतात बाप्पा.”

“तसं नाही जी. आता डोळे मिटा अन् एकेक बोट सांगा.”

तिनं डोळे मिटले. “अंगठा. हे, अन् हे मधलं. याच्या पलीकडचं अर्धं. करंगयीत नाही येत.”

“रातीले?”

“रातीलेच तर! दोन-तीन वाजता जाग येते. उठून हात झटका लागते, मग जराशानं उतरते.”

या उत्तरांत उजव्या हाताचं अर्धं निदान आहे. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांची संवेदना मीडियन नस नेते. ही नस मनगटात हाडं आणि एका जाड पट्ट्याच्या मधल्या अरुंद बोगद्यातून जाते. बोगद्यात सूज आली की ती दाबली जाते. झोपेत मनगट दुमडलेलं राहतं, दाब वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. हात झटकला की उतरतो, ही खूण इतकी बोलकी आहे की ती विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. उमललेल्या बोंडातून कापूस ओढून काढताना अंगठा आणि पहिली दोन बोटंच चिमटीत येतात, मनगट दर खेपेला वळतं, दिवसाला हजारो वेळा. वेचणीच्या बायकांना हा त्रास होणं यात नवल नाही. नवल आहे ते ‘हात दुखतातच कामानं’ म्हणून तो सोडून देण्यात.

पण आशाताईंनी तिथे थांबायचं नव्हतं आणि त्या थांबल्याही नाहीत. दुसरा प्रश्न पायांचा होता. तळपायांची आग होते, रात्री पांघरुणाचा स्पर्श नको वाटतो, चप्पल घातली तरी पायाखाली कापूस ठेवल्यासारखं लागतं, असं तिनं सांगितलं. हे पायांत, दोन्हीकडे सारखं, घोट्याच्या थोडं वरपर्यंत. तिसरा प्रश्न, थंडीत काय होतं? दवानं ओल्या झाडांत सकाळी वेचायला गेलं की बोटं निळसर पडतात, आणि नडग्यांवर लाल पुरळ उठतं. ते ‘काही चावलं असेल’ म्हणून सोडून दिलं होतं.

घोट्यापर्यंतचा हिशेब

इथे एक साधा नियम उपयोगी पडतो, आणि या प्रकरणाचा कणा तोच आहे. मधुमेह, दारू, हेपॅटायटिस सी यांनी जेव्हा नसा सगळीकडून हळूहळू बिघडतात, तेव्हा सर्वांत लांब नस आधी जाते. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांत होते, बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो, आणि साधारण गुडघ्याला पोचतो तेव्हा कुठे हाताची बोटं लागतात. या बाईचा बधिरपणा घोट्याजवळच होता. मग हाताच्या मुंग्या त्याच कारणाच्या कशा? हिशेब जुळत नाही. याचा अर्थ हाताला वेगळं कारण आहे, पायाला वेगळं. एकाच आजाराच्या नावावर सगळं घालणं सोपं जातं, आणि हेपॅटायटिस सीच्या माणसाचं नेमकं हेच होतं: ‘लिव्हरमुळे आहे’ म्हटलं की मनगट कुणी दाबून पाहत नाही. उलटही होतं. ‘नस दबली’ म्हणून ऑपरेशन होतं आणि पाय जळतच राहतात.

नियमाला अपवाद आहेत. बी-१२ च्या कमतरतेत हात-पाय एकदमच सुरू होऊ शकतात. आणि रक्तवाहिन्यांना सूज आली तर कुठलीही एक नस अचानक बंद पडू शकते, मग उजवं मनगट लुळं आणि डावं पाऊल ढिलं, असं विस्कळीत चित्र दिसतं. म्हणून हिशेब मांडायचा, पण तपासणी पूर्ण करायची.

तपासणीला काय लागलं

आरोग्य केंद्रात मशीन नव्हतं. लागलं ते एवढंच: कापसाची वात, बॉलपेन, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा), काचेचा पेला, आणि वीस मिनिटं.

डोळे मिटायला लावून कापसाची वात एकेका बोटाच्या टोकाला टेकवली. उजव्या तर्जनीला तिला दहापैकी चारदा कळलं, करंगळीला दहापैकी दहादा. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो गादीसारखा उंचवटा असतो, तिथली संवेदना शाबूत. ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्या कातडीची फांदी बोगद्याच्या बाहेरून जाते. बोटं बधिर आणि उंचवटा शाबूत, तर दाब मनगटात आहे. उंचवटाही बधिर असेल तर दाब वर कुठेतरी शोधावा लागतो.

मग दोन्ही मनगटं दुमडून हाताच्या पाठी एकमेकींना टेकवून साठ सेकंद धरायला सांगितलं. विसाव्या सेकंदाला उजव्या हाताच्या तीन बोटांत मुंग्या आल्या, डावीकडे पंचेचाळिसाव्याला. तळहात वर करून अंगठा छताकडे उचलायला लावला आणि वरून दाब दिला: उजवीकडचा अंगठा जरा लवकर खाली गेला. मान सगळीकडे वळवून पाहिली, हातात कळ गेली नाही.

यानंतर कोपर. चटका बसून कळत नाही म्हटलं की विदर्भात कुष्ठरोग बघितल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही. वर्ध्याजवळचं दत्तपूर आणि वरोऱ्याचं आनंदवन ज्या मुलखात उभं राहिलं, तिथे हे वेगळं सांगायला नको, तरी घाईत राहून जातं. कोपराच्या आतल्या हाडामागे अल्नर नस, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, बोटाखाली दोरीसारखी जाड लागते का, दुखते का, हे दोन्हीकडे तुलना करून पाहिलं. मानेच्या बाजूची नस, गुडघ्याच्या बाहेरची नस, आणि उजेडात पाठीसह सगळं अंग: फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा कुठेच नाही. कुष्ठरोगात हाताची करंगळी बहुधा आधी जाते, हिची करंगळी शाबूत. म्हणजे तो बाजूला पडला. पण तो बघून बाजूला पडला, गृहीत धरून नाही.

पायाला ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवला, थरथर जवळजवळ कळली नाही. घोट्याच्या हाडावर अर्धवट, गुडघ्यावर नीट. टाचेमागचा झटका दोन्हीकडे गेलेला. चाल ठीक, टाचांवर आणि चवड्यांवर चालता आलं, म्हणजे पाऊल ढिलं नाही.

शेवटी नडग्या. सावळ्या कातडीवर लाल ठिपके दिसत नाहीत, टॉर्च तिरका धरावा लागतो. मसुरीएवढे, बोटाला किंचित उंच लागणारे, जुने ठिपके तपकिरी डाग सोडून गेलेले. काचेचा पेला घट्ट दाबला तरी रंग फिका झाला नाही. किडा चावून आलेली लाली पेल्याखाली पांढरी पडते, रक्त कातडीत झिरपलेलं असेल तर पडत नाही. तो पेला टेकला त्या क्षणी हे प्रकरण निव्वळ कामाच्या हाताचं राहिलं नाही.

रक्त कुठे गोठलं

हेपॅटायटिस सीचा विषाणू यकृतात राहतो, पण तो शरीराच्या बचावपेशींना वर्षानुवर्षं डिवचत असतो. त्यातून काही जणांच्या रक्तात असे प्रथिनांचे पुंजके तयार होतात जे थंडीत गोठतात आणि ऊब मिळाली की विरघळतात. नाव क्रायोग्लोब्युलिन. ते बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, तिथे सूज येते, कातडीत ठिपके उठतात, सांधे दुखतात, थकवा येतो आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या बंद पडतात. तळपायाची आग त्यातून. हेपॅटायटिस सी असलेल्या पुष्कळांच्या रक्तात हे पुंजके सापडतात, त्रास मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो.

हिची ही चाचणी आधी एकदा झाली होती आणि रिपोर्ट होता: ‘आढळलं नाही’. नमुना तालुक्याच्या ठिकाणी काढला, लसीच्या आइसबॉक्समध्ये ठेवला आणि बसनं जिल्ह्याला पाठवला. सगळ्या रक्तनमुन्यांशी माणूस असंच वागतो, म्हणून यात कुणाचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. पण या चाचणीत थंडी म्हणजे चाचणीच बाद. बर्फात क्रायोग्लोब्युलिन तिथल्या तिथे गोठतं, रक्ताच्या गाठीसोबत तळाला बसतं आणि गाठीसोबत फेकलं जातं. प्रयोगशाळेला मिळतं ते आधीच रिकामं झालेलं सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी.

दुसऱ्यांदा नमुना असा घेतला. रक्त पाठवण्याऐवजी बाईलाच जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नेलं, हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. सिरिंज आणि साध्या, म्हणजे गोठणरोधक नसलेल्या, नळ्या आधी ३७ अंशांवर ठेवल्या. २० मिलिलिटर रक्त घेतलं. नळ्या लगेच थर्मासात, ज्यात ३७ अंशांचं पाणी थर्मामीटरनं मोजून भरलं होतं. हातानं ‘कोमट’ म्हणून भरलेलं पाणी चालत नाही, ते ४२ ही असतं आणि ३१ ही. रक्त उबेतच तासभर गोठू दिलं, उबेतच फिरवून सिरम वेगळं केलं आणि मग, इथून पुढे, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये सात दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी नळीच्या तळाला ताकाच्या निवळीखाली बसावा तसा पांढरट साका दिसला. नळी पुन्हा ३७ अंशांवर नेली, साका विरघळला. हाच पुरावा. काही प्रकारांत साका बसायला पूर्ण आठवडा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ‘निगेटिव्ह’ लिहून मोकळं होऊ नये.

जिथे हे जमणार नाही तिथे दोन सोप्या चाचण्या इशारा देतात. सी४ नावाचं पूरक प्रथिन फार खाली जातं, तर सी३ बहुधा थोडंच घसरतं. हिचं सी४ होतं ५ मिलिग्रॅम (साधारण १० ते ४० हवं). आणि ‘आरए फॅक्टर’, जो एरवी आमवातासाठी बघतात, तो पॉझिटिव्ह येतो. हिचा ९६ आला होता, सांधेही दुखत होते, त्यामुळे कुणीतरी आमवात म्हणून गोळ्या सुरू केल्या होत्या. हेपॅटायटिस सीमध्ये आरए फॅक्टर एकट्यानं काहीच सिद्ध करत नाही. अँटी-सीसीपी, म्हणजे आमवाताची जास्त नेमकी चाचणी, बघावी, हिची निगेटिव्ह होती.

बाकीचे रिपोर्ट

एचसीव्ही आरएनए, म्हणजे हेपॅटायटिस सीच्या विषाणूचा जनुकीय अंश, सापडला, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे. रॅपिड टेस्ट फक्त अँटिबॉडी दाखवते आणि ती बरं झाल्यावरही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. यकृताची एन्झाइमं एएसटी ७१ आणि एएलटी ६२, प्लेटलेट १ लाख ६८ हजार. यावरून फिब-४, म्हणजे यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढता येतो: वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. ४८ × ७१ भागिले १६८ × ७.८७, उत्तर २.५८. ३.२५ च्या वर असता तर सिरॉसिसचा, म्हणजे व्रणांनी यकृत आक्रसल्याचा, संशय धरला असता, १.४५ च्या खाली असता तर निर्धास्त. मधल्या पट्ट्यात आलं म्हणून फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, केलं, त्यात मध्यम व्रण, सिरॉसिस नाही. हेपॅटायटिस बी आणि एचआयव्ही निगेटिव्ह. बी बघणं यात सोडता येत नाही, कारण सीची औषधं सुरू झाली की झोपलेला बी उसळू शकतो.

एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.८, थायरॉइड ठीक. लघवीत प्रथिनाचा अंश, रक्त नाही, क्रिएटिनिन ०.८. क्रायोग्लोब्युलिन मूत्रपिंडातही जाऊन बसतं, त्यामुळे लघवीची साधी पट्टी दर महिन्याला लावायची ठरली.

बी-१२ मात्र थबकून बघण्यासारखं निघालं. आकडा २३८, म्हणजे काठावर. हिमोग्लोबिन ९.८, पण रक्तपेशींचा आकार, एमसीव्ही, ८८, अगदी नॉर्मल. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. गर्भपिशवीच्या रक्तस्रावानं लोह गेलेलं आणि शाकाहारानं बी-१२, दोन्ही एकमेकांना झाकतात आणि कागदावर सगळं छान दिसतं. शिवाय सुजलेल्या यकृतातून साठवलेलं बी-१२ रक्तात सुटतं, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. अशा वेळी काठावरचा आकडा कमीच धरावा.

नसांची तपासणी, म्हणजे एनसीएस, जिल्ह्याला झाली. जानेवारीतली सकाळ, ती चार वाजता निघून पोचली होती, हात गार. तंत्रज्ञानं आधी दोन्ही हात गरम पाण्यात धरायला लावले आणि कातडी ३२ अंशांच्या वर गेल्यावर मग तारा लावल्या. गार हातात नस उगाच मंद दिसते आणि निरोगी माणसालाही ‘दाब आहे’ असं लिहून येतं. निकाल: उजवी मीडियन नस मनगटात स्पष्ट दाबलेली, डावी थोडी. अल्नर ठीक. पायांच्या संवेदी नसांचे संदेश फार क्षीण. घोट्याच्या हिशेबानं जे सांगितलं होतं तेच यंत्रानं सांगितलं: हातात मनगट, पायात क्रायोग्लोब्युलिन, आणि दोन्हीखाली बी-१२.

आधी काय बंद केलं

हे प्रकरण लिहिण्याचं अर्धं कारण इथे आहे. तिला औषधांची पिशवी उलटी करायला सांगितली तेव्हा गोळ्यांचे चार पत्ते निघाले.

एक, डायक्लोफेनॅक, वेचणीच्या दिवसांत रोज. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात असताना ही गोळी नको. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिवसभरात २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या जास्तीत जास्त चार.

दोन आणि तीन, दोन वेगळ्या नावांच्या ‘नसांच्या गोळ्या’, वेगवेगळ्या दुकानांतून. पत्त्यामागचं बारीक वाचलं तर दोन्हींत बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन. मिळून रोज ११० मिलिग्रॅम, आठ महिने. बी-६ थोडं हवं, पण एवढं महिनोन्‌महिने घेतलं तर तेच नसा बिघडवतं, आणि लक्षण काय? हातापायांत मुंग्या. माणूस मुंग्यांसाठी जी गोळी खातो तीच मुंग्या वाढवते, म्हणून तो आणखी खातो. दोन्ही बंद. बदल्यात फक्त बी-१२, १००० मायक्रोग्रॅम, तोंडानं, रोज. इंजेक्शनाचा आग्रह धरला नाही, कारण एवढ्या मात्रेत तोंडानंही काम होतं आणि ज्या आजाराची वाट सुईतून जाते त्याच्या घरात विनाकारण सुई नको.

चार, कार्बामाझेपिन २०० मिलिग्रॅम, रात्री. नसांच्या कळांसाठी कुणीतरी दिलेली, एरवी चुकीची म्हणता येणार नाही अशी. पण ही गोळी यकृतात औषधं मोडणारी यंत्रणा इतकी जोरात चालू करते की हेपॅटायटिस सीची औषधं रक्तात पुरेशी राहतच नाहीत. बारा आठवडे गोळ्या खाऊन विषाणू तसाच. फेनिटॉइन आणि क्षयाची रिफॅम्पिसिन यांचंही तेच. हिला फिटचा आजार नव्हता म्हणून डॉक्टरांनी ती बंद केली आणि दोन आठवडे मध्ये जाऊ दिले. फिटसाठी घेणाऱ्यानं ती कधीही आपली आपण बंद करायची नाही, पर्याय डॉक्टरांनीच द्यायचा. आगीसाठी प्रीगॅबालिन ७५ मिलिग्रॅम रात्री सुरू केली: ती यकृतातून न जाता लघवीवाटे जाते. पहिला आठवडा गरगरतं, म्हणून रात्री एकटीनं अंगणात जाऊ नये हे सुनेला सांगून ठेवलं. ड्युलॉक्सेटिन यकृताच्या आजारात टाळतात.

पिशवीत नसलेलं पण घरात असलेलं पाचवं औषध म्हणजे गुळवेलीचा काढा. कोविडच्या काळात गुळवेलीनंतर यकृत सुजल्याच्या नोंदी मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. तोही थांबवला.

८४ दिवस

राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषध फुकट आहे, हे ज्याला माहीत नाही तो शेत गहाण ठेवायचा विचार करतो. १८००-११-६६६६ या टोल-फ्री क्रमांकावर जवळचं उपचार केंद्र विचारता येतं. सिरॉसिस नसल्यामुळे सोफोसबुविर ४०० आणि डॅक्लाटासविर ६० मिलिग्रॅम, रोज एकेक, बारा आठवडे. प्रत्येकी ८४ गोळ्या.

जेवणाआधी-नंतर असं बंधन नाही, त्यामुळे एकादशीलाही गोळी चालते, हे आवर्जून सांगावं लागलं. देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची वेळ ठरवली, म्हणजे चुकत नाही. विसरली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्यायची, दुसऱ्या दिवशी आठवलं तर कालची सोडायची, दोन एकदम नाही. खरी अडचण आली ती सातव्या आठवड्यात. लेकीकडे लग्नाला जाताना बाटली घरी राहिली. आशाताईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला म्हणून एकच गोळी हुकली. यानंतर आठ दिवसांच्या गोळ्यांची एक डबी कायम पिशवीत राहिली.

घरात तिचं ताट वेगळं झालं होतं. हा आजार जेवणातून, पाण्यातून, जवळ बसण्यातून, नातवाला मांडीवर घेण्यातून पसरत नाही. रक्ताला रक्त लागलं तर पसरतो: ब्लेड, दाढीचा वस्तरा, दात घासायचा ब्रश, नखं काढायचं नेलकटर वेगळं ठेवायचं, बस. नवऱ्याची आणि तिन्ही मुलांची रॅपिड टेस्ट केली, चौघंही निगेटिव्ह. त्यानंतर ताट परत एकत्र आलं.

मनगटासाठी पट्टा: मनगट सरळ, ना वर ना खाली, बोटं मोकळी. बाजारातला क्रिकेटच्या बँडसारखा लवचिक पट्टा उपयोगाचा नाही, आत तळहाताकडून ताठ पट्टी हवी. रोज रात्री, निदान सहा आठवडे. पट्टा इतका घट्ट नको की सकाळी वळ दिसतील. वेचणी बंद ठेवा म्हणणं म्हणजे चूल बंद ठेवा म्हणणं, म्हणून तासाला पाच मिनिटं थांबायचं आणि हात आलटून पालटून वापरायचे असं ठरलं. दव वाळल्यावर, नवाच्या पुढे, शेतात जायचं, पायात मोजे आणि बंद बूट घालायचे. भाकरी उलटताना हाताऐवजी उलथनं. रात्री झोपताना तळपाय आणि बोटं उजेडात बघायची, कारण बोंडाचं टोक टोचलेलं तिला कळत नाही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं.

आणि एक कागद चुलीजवळच्या भिंतीला लावला: चप्पल पायातून निसटायला लागली, मनगट लोंबलं, लघवी चहासारखी किंवा फेसाळ झाली, पाय सुजले, ठिपक्यांची जखम झाली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. कारण रक्तवाहिन्यांची सूज तितकी भडकली तर विषाणूची गोळी पुरत नाही. स्टेरॉइड, रिटक्सिमॅब अशी औषधं लागतात आणि उशीर झाला तर नस परत येत नाही.

नंतर

उजव्या हाताची रात्रीची जाग पट्ट्यानं तिसऱ्या आठवड्यातच कमी झाली. विषाणूच्या औषधाला तेव्हा जेमतेम सुरुवात होती, त्यामुळे श्रेय पट्ट्याचं. तर्जनी अर्धवट बधिर राहिली म्हणून मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं गेलं, निर्जंतुक सुईनं, जिल्ह्याला. सहा महिन्यांत सुधारलं नाही किंवा अंगठ्याचा उंचवटा बसायला लागला तर ऑपरेशन, असं ठरवून ठेवलं.

नडग्यांवरचे नवे ठिपके आठव्या आठवड्यापर्यंत थांबले. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासला, सापडला नाही. याला बरं झालं म्हणतात, आणि ते बारा आठवडे थांबूनच म्हणायचं, औषध संपल्या दिवशीच्या रिपोर्टवर नाही. एकदा बरं झालं म्हणून संरक्षण मिळत नाही, घाणेरड्या सुईनं पुन्हा लागू शकतो. गर्भपिशवीचं ऑपरेशन त्यानंतर झालं.

पायांचं सावकाश आहे. नस वाढते ती दिवसाला फार तर मिलिमीटरभर, आणि कमरेपासून तळपायापर्यंतचं अंतर मोजलं की महिने कळतात. विषाणू गेला तरी क्रायोग्लोब्युलिन काहींच्या रक्तात पुढेही रेंगाळतं. तिचं सी४ सहा महिन्यांनी ५ वरून ९ वर आलं, तेव्हा दर सहा महिन्यांनी सी४ आणि लघवी तपासायची ठरली. ट्यूनिंग फोर्क आता घोट्यावर नीट कळतो, अंगठ्यावर अजून नाही. आग निम्म्यावर आली आहे, प्रीगॅबालिन चालू आहे. पुढच्या दसऱ्याला सीतादही, म्हणजे वेचणीच्या मुहूर्ताची शेतातली पूजा, झाल्यावर ती वेचणीला गेली, नऊच्या पुढे, मोजे घालून. आशाताईंनी विचारलं तेव्हा तिनं डोळे मिटले आणि स्वतःहून एकेक बोट मोजून सांगितलं.